चाळीस उड्या

सकाळी जिना उतरताना बायको मागून म्हणाली, "तू हल्ली कठडा धरून उतरतोस." एवढंच म्हणाली. त्यात टोमणा नव्हता आणि फारशी काळजीही नव्हती. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं तिने सांगितलं. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून कोणाचा हात कुठे आहे हे बघायची तिच्या डोळ्यांना सवयच लागली होती, आणि काठ सोडायला तयार नसलेलं पोर तिला पाठमोरं असलं तरी ओळखू यायचं. त्याने हात झटकन मागे घेतला आणि म्हणाला, "किल्ली घेतली की नाही ते बघत होतो." कठड्यावर कुठली आली किल्ली, असं तिने विचारायला हरकत नव्हती. तिने विचारलं नाही, आणि त्या न विचारण्याचाच त्याने धसका घेतला. उरलेला दीड मजला तो दोन्ही हात खिशात कोंबून उतरला. प्रत्येक पायरीला त्याचं अंग जरासं मागे जात होतं, खांदे आधी आणि मग कंबर, आणि ते त्याला कळत होतं, कारण अंग मागे गेलं की काय होतं हे त्याच्याइतकं त्या शहरात फार थोड्या लोकांना ठाऊक होतं. खाली पोचल्यावर बायकोने पिशवी सारखी केली आणि "येते रे" म्हणून ती गेली. तो फाटकाजवळ तसाच उभा राहिला. तळहाताला कठड्याच्या लोखंडाचा वास येत होता. म्हणजे ती बोलेपर्यंत, वरच्या मजल्यापासून त्याने तो सोडलाच नव्हता.

अठरा वर्षं हा माणूस उड्या मारून पोट भरत होता. कंपनी चाकांचे बूट बनवायची, स्केट्स, आणि बाजारात जाण्याआधी ते घालून बघायचे हे त्याचं काम. नव्या बुटांचा पहिला नमुना नेहमी नऊ नंबरचा काढायचे, आणि याचे दोन्ही पाय बरोबर नऊ नंबरचे होते, डाव्या-उजव्यात सुताचाही फरक नव्हता. वाटतं तितके असे पाय सहज मिळत नाहीत. मुलाखतीला गेला तेव्हा साहेबाने आधी त्याचे पाय मोजले आणि मग मान वर करून चेहरा बघितला. तेव्हापासून तो सगळ्या कारखान्याचा 'नऊ नंबर' झाला तो झालाच. बुटांच्या दोन जाती होत्या. एक साधे, बागेत फिरायला वापरायचे, टाचेमागे रबराचा ब्रेक असलेले. दुसऱ्या जातीला अ‍ॅग्रेसिव्ह म्हणत. नाव ऐकून वाटावं की खोकं उघडलं की अंगावरच येतील. त्यांची चाकं बारकी आणि टणक, मधल्या दोन चाकांत मोकळी जागा, कारण हे बूट घालून लोक लोखंडी नळ्यांवरून आणि भिंतींच्या कडांवरून घसरत जातात, उंचावरून खाली उड्या घेतात. ब्रेक नाही. साध्या बुटांची सवय असलेला माणूस हे घालतो, पाच मिनिटांत सवयीने चवडा उचलून टाचेवर ब्रेक लावायला जातो आणि सपशेल पाठीवर पडतो. नवीन आलेल्या प्रत्येकाची ती गंमत बघायला पूर्वी सगळं गोदाम गोळा व्हायचं, आणि सगळ्यात मोठ्याने हसायचा तो नऊ नंबरच. बूट म्हणजे बाहेरून कडक प्लॅस्टिकचं कवच, त्याच्या आत काढता-घालता येणारा मऊ बूट, आणि त्या आतल्या बुटात टाचेखाली फोमची गादी. उंचावरून येणारा सगळा दणका ती गादी खाते, आणि तिने नाही खाल्ला तर तो हाडाला खावा लागतो.

भीती आली ती कशामुळे, हे त्याला अजून सांगता आलं नसतं. कुठे पडला नव्हता, काही मोडलं नव्हतं. तसं झालं असतं तर बरं होतं, निदान लोकांना दाखवायला प्लास्टर असतं. दहा महिन्यांपूर्वी एका साध्या दुपारी तो चाचणीच्या शेडमध्ये ओट्यावर उभा होता. छातीइतका उंच ओटा, वर चार पावलं धावायला जागा, खाली सिमेंटची सपाट जमीन. तिथून त्याने हजारो उड्या मारल्या असतील. त्या दुपारी त्याला पहिल्यांदा जमीन दिसली. म्हणजे आधीही ती होतीच, पण आधी ती नुसती 'खाली' होती. त्या दिवशी ती करडी होती, तिला एक बारीक चीर गेलेली होती, चिरेच्या कडेला कधीतरी सांडलेल्या तेलाचा डाग होता, आणि हे सगळं कठीण होतं. कठीण या शब्दाचा अर्थ आपल्याला आज कळला असं त्याला वाटलं. पाय गार पडले. कानात आपलाच श्वास ऐकू यायला लागला. तो मागे वळून बाजूच्या शिडीने खाली उतरला आणि गोदामवाल्याला त्याने सांगितलं की बुटाची नाडी तुटली. भीती उद्या जाईल, असं वाटलं. उद्या गेली नाही. पुढच्या आठवड्यात तर ती त्याच्याबरोबर घरी यायला लागली, आंघोळीच्या ओल्या फरशीवर, खुर्चीवर चढून दिवा बदलताना, रस्ता ओलांडताना फुटपाथच्या कडेशी. आणि मग जिन्यात.

अशा वेळी त्याला वडील आठवायचे, आणि ते आठवायला नको असायचे. वडील घरं रंगवायचे. उंच शिडीवर एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने ब्रश धरून उभा राहणारा माणूस, खालून बघितलं की तोंड न दिसता नुसते बुटांचे तळवे दिसायचे. शाळेला सुट्टी असली की हा त्यांच्याबरोबर जायचा. एकदा असंच एका घराच्या बाहेरच्या भिंतीला शिडी लावून झाली, रंग कालवून झाला, आणि वडील शिडीच्या पहिल्या दांडीवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आज वारा आहे. आज खालचंच करू." वारा अजिबात नव्हता. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेली चादर हलत नव्हती, आणि त्या चादरीकडे बोट दाखवून हा सात-आठ वर्षांचा शहाणा मोठ्याने म्हणाला, "बाबा, वारा कुठाय?" वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. ते रागावले असते तर तो विसरून गेला असता. ते रागावले नाहीत. ब्रश धुण्याच्या बहाण्याने ते नळाकडे गेले आणि पाणी सोडून कितीतरी वेळ पाठमोरे उभे राहिले. त्यानंतर ते खालचंच रंगवत राहिले, वरच्या कामाला दुसरी माणसं धाडायचे, आणि घरात त्याबद्दल कोणी कधी बोललं नाही. आता तेच वय अंगावर आल्यावर त्याला वाटायचं की त्या नळाशी जाऊन त्यांची क्षमा मागावी, पण वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि ते घर कुठल्या गल्लीत होतं तेही आता आठवत नव्हतं.

आणि याच दिवसांत, भीती आल्यावर दोन महिन्यांनी, लाल पट्ट्याचे बूट चाचणीला आले होते. नवं मॉडेल, हलकं केलेलं, आतली गादी पातळ. चाचणीचा नियम साधा होता: खोक्यातले बूट, खोक्यातलाच आतला बूट, ओट्यावरून चाळीस उड्या, प्रत्येक उडीनंतर कागदावरच्या एका चौकटीत खूण. त्याने काय केलं, तर नव्या कवचात स्वतःचा जुना आतला बूट घातला. स्केट्सवाल्यांत ही जुनी खोड आहे. नवा आतला बूट चावतो, पंधरा दिवस घोटा सोलून काढतो, म्हणून ज्याच्या त्याच्याजवळ आपला रुळलेला एक जोड असतो आणि तो या कवचातून त्या कवचात फिरत राहतो. गंमत म्हणून, आराम म्हणून सगळे करतात. चाचणी करणाऱ्याने मात्र तेवढं करायचं नसतं, कारण मग तो बघतो काय, तर स्वतःचा जुना बूट. त्याच्या जुन्या जोडाच्या टाचेखाली त्याने स्वतः शिवलेली बोटभर जाड गादी होती. तो घातला की पाय घरी आल्यासारखा वाटायचा आणि भीती थोडी मागे सरायची. तरी ओट्यावर त्याला जाववलं नाहीच. कोपऱ्यात गुडघाभर उंचीचं एक लाकडी खोकं होतं, त्यावरून त्याने अकरा उड्या मारल्या. अकराव्या उडीनंतर तो जमिनीवर बसला आणि चाळीसही चौकटी भरून टाकल्या, मधूनमधून खुणेचं पेन जरा तिरकं धरत, म्हणजे एका बैठकीत भरल्यासारख्या दिसू नयेत. 'टाच' असं लिहिलेलं होतं त्याच्यापुढे लिहिलं, 'ठीक.' सही केली. वेळ मारून नेली असं त्याला वाटलं होतं.

आज तो कारखान्यात पोचला तेव्हा त्याच्या टेबलावर एक खोकं होतं आणि खोक्यावर एक कागद. डिझायनर खिडकीशी उभी होती. तिशीची, हुशार, बोटांना कायम शाई लागलेली. बुटांची चित्रं काढण्यापासून गादीची जाडी ठरवण्यापर्यंत सगळं तीच करायची. "काय हो, नऊ नंबर," ती म्हणाली, "आज तुमची वाट बघून डोळे दुखले. नवे आले बघा. गादी डबल केली आहे. बाराच्या आत घालून बघा आणि हे पत्र वाचून सही करा, तीनला टपाल जातं."

"कसलं पत्र?"

"ते टाचेचं. त्या ग्रंथालयातल्या बाई नाहीत का. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचं पत्र आलं होतं, लाल पट्ट्यावाल्या बुटांत टाचेचं हाड मोडलं म्हणून. साहेबांनी उत्तर तयार केलंय."

त्याला पत्राबद्दल माहीत होतं. गोदामवाल्याने जेवताना सांगितलं होतं, "कोणीतरी बाई आपटली म्हणे," आणि तो पाणी प्यायला उठून गेला होता. आता त्या पत्राचं उत्तर त्याच्या हातात होतं. आमच्या अनुभवी चाचणीकाराने याच बुटांत ठरलेल्या उंचीवरून चाळीस उड्या मारल्या असून कोणताही दोष आढळलेला नाही. सबब दुखापत उतरण्याच्या चुकीच्या पद्धतीमुळे झाली असावी. खाली त्याच्या सहीसाठी एक रेघ. अनुभवी हा शब्द त्याने दोनदा वाचला.

"तसं खरंच आहे ना?" डिझायनर म्हणाली. "टाचेवर उतरलं की लागणारच. तुम्हीच सगळ्यांना सांगता, वजन पुढे ठेवा म्हणून."

"सांगतो," तो म्हणाला.

"मी तरी चार रात्री नीट झोपले नाहीये. गादी पातळ मीच केली ना. मग म्हटलं, नऊ नंबरनी चाळीस मारल्यात, त्यांना काही झालं नाही, मग आपण कशाला जीव खातोय." ती हसली. "तरी नव्यांत डबल केली. उगाच कोणाचे तळतळाट नकोत."

बाईंचं मूळ पत्र खाली जोडलेलं होतं. ते वाचू नये असं त्याला वाटलं आणि त्याने वाचलं. अक्षर सुबक, ओळी सरळ. पुस्तकांवर नंबर घालणाऱ्या माणसाचं अक्षर. त्यांनी लिहिलं होतं की त्या सव्वीस वर्षांच्या आहेत, आयुष्यात कुठलाही खेळ खेळलेल्या नाहीत, आणि या वर्षी काहीतरी धाडसाचं करायचं असं ठरवून हे बूट घेतले. सहा आठवडे रोज शिकल्या. पहिल्यांदा छातीइतक्या भिंतीवरून उडी मारली तेव्हा त्या घाबरल्या आणि अंग मागे गेलं. 'मी घाबरून उतरले हे मला मान्य आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'पण तुमच्या खोक्यावर सुरुवातीच्या शिकणाऱ्यांसाठी असं छापलेलं आहे. सुरुवातीचा माणूस घाबरणार नाही तर काय करेल? माझी टाच तीन ठिकाणी मोडली आहे आणि मला परत नीट चालता येईल का हे डॉक्टर सांगत नाहीत.' तक्रारीचा सूर नव्हता. खरोखरच प्रश्न विचारल्यासारखं विचारलं होतं. त्याने बाईंचं पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि डिझायनरला म्हणाला, "आधी नवे बघतो. मग सही."

शेडमध्ये कोणी नव्हतं. दिवसाउजेडी पत्र्याच्या फटींतून उन्हाचे पट्टे जमिनीवर पडले होते आणि त्यातला एक बरोबर त्या चिरेवर होता. तो बाकावर बसला. कपाटात त्याचा जुना आतला बूट होता, जपून ठेवलेला, आणि हात सवयीने कपाटाकडे गेलाही. हात त्याने परत घेतला. नवे बूट त्याने खोक्यातून काढले, कोऱ्या प्लॅस्टिकचा वास आला, आतला बूट दगडासारखा आखडलेला. पाय घातला तर घोटा लगेच चावायला लागला. नाड्या आवळल्या, वरचा पट्टा ओढला, उभा राहिला. चाकं इतकी बारकी की जमिनीचा कण न् कण तळव्याला कळत होता. पूर्वी त्याला हे आवडायचं. हे नवेपण, पहिल्या दहा पावलांतलं अनोळखीपण, मग हळूहळू बूट आपला होत जाणं. आता बुटाला आपण आवडत नाही असं काहीतरी त्याला वाटत होतं, आणि हा वेडेपणा आहे हे कळून उपयोग नव्हता. त्याने शेडला दोन फेऱ्या मारल्या. तिसरीही मारली. चौथी मारताना त्याच्या लक्षात आलं की आपण चालढकल करतोय. शिडीच्या पाच पायऱ्या तो चाकं आडवी टेकवत, दोन्ही हातांनी धरून चढला, आणि वर जाऊन मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

किती वेळ उभा राहिला कोणास ठाऊक. बायको एकदा म्हणाली होती की पाण्याला भिणाऱ्या पोराला 'घाबरू नकोस' असं सांगण्यात काही अर्थ नसतो, कारण त्याला ऐकूच येत नाही. भीतीने कान भरलेले असतात. ते आता त्याला पटलं. तो स्वतःला सांगत होता, चार पावलं, गुडघे सैल, एक पाय किंचित पुढे, वजन पुढे, आणि यातलं काही आतपर्यंत पोचत नव्हतं.   आपण इथे मरणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं; छातीइतक्या उंचीवरून कोणी मरत नाही. मग भीती कसली? मरणाची नसावी. ती त्या मधल्या क्षणाची होती, पाय सुटल्यानंतरच्या आणि टेकण्याआधीच्या, जिथे धरायला काही नसतं आणि मागे फिरता येत नाही. अठरा वर्षं तो त्या क्षणाचा पगार घेत होता आणि त्यात काय आहे हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. सव्वीस वर्षांच्या बाई भिंतीवर उभ्या असतील तेव्हा त्यांनी ते बघितलं असेल. पहिल्याच वेळी. आणि तरी त्यांनी उडी मारली. या विचाराने त्याला शरम वाटली, आणि शरमेने म्हणा की कशाने, पाठ भिंतीपासून सुटली. एक पाऊल, दोन, तीन. चौथं कुठे पडलं ते कळलं नाही. पाय सुटले.

अंग मागे गेलं. ते जाणारच होतं. वजन टाचांवर आलं आणि दणका खालून वर गुडघ्यांपर्यंत चढला. हात भिरभिरले, चाकं पुढे पळाली, पण तो पडला नाही, समोरच्या भिंतीला हात लागून थांबला. तिथेच कपाळ टेकून उभा राहिला.  टाचा? टाचा ठीक होत्या. दणका लागला होता, पण उशीवर बसावा तसा, बोथट. मग त्याने दुसरी उडी मारली, आणि तिसरी. भीती गेली नाही. प्रत्येक वेळी शिडी चढताना पाय तितकेच गार, प्रत्येक वेळी अंग मागेच, प्रत्येक वेळी टाचेवर. पूर्वी तो मांजरासारखा चवड्यांवर उतरायचा, टाचेला दणका बसायचाच नाही, आणि त्याच्या कागदावर सगळ्या बुटांच्या टाचा वर्षानुवर्षं ठीकच असायच्या. नवव्या उडीनंतर तो बाकावर बसला, नऊ चौकटींत नऊ खुणा केल्या, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. लाल पट्ट्याच्या बुटांच्या वेळीही तो घाबरलेला होताच. त्या घाबरलेल्या अंगाने, खोक्यातला बूट घालून, ओट्यावरून एक उडी जरी मारली असती, तरी त्याला सगळं कळलं असतं. त्यासाठी शूर असण्याची काही गरज नव्हती.

तपासलेल्या प्रत्येक मॉडेलचा एक जोड कपाटात ठेवायची पद्धत होती. लाल पट्ट्याचे बूट खालच्या फळीवर होते. त्याने ते काढले. आतले बूट वेगळे, बाजूच्या पिशवीत, आणि त्यांच्या चवड्यांत कारखान्यातून भरलेले पातळ कागदाचे बोळे अजून तसेच होते. आठ महिने ते तिथे होते आणि कोणीही कपाट उघडलं असतं तरी दिसले असते. त्याने बोळे काढून जमिनीवर टाकले, आतला बूट कवचात बसवला, पाय घातला. टाचेखाली बोट सरकवून बघितलं. गादी पोस्टकार्डांच्या थप्पीएवढीसुद्धा वाटेना. सही करून टाक, असं कोणीतरी आत म्हणालं, नवे चांगले आहेत, यापुढे कोणाला लागणार नाही, झालं गेलं झालं. ते बोलणं इतकं समजूतदार होतं की तो दोन मिनिटं तसाच बसून राहिला. मग उठला. या वेळी शिडी चढताना त्याचे दात एकमेकांवर वाजत होते, आणि ज्याच्यापासून ते लपवावं असं तिथे कोणी नव्हतं. वर भिंतीला पाठ लावली. काय होणार हे आता त्याला माहीत होतं, आणि माहीत असणं हे न माहीत असण्यापेक्षा कितीतरी वाईट होतं. चार पावलं.

उजव्या टाचेतून जी कळ निघाली ती थेट दाढांपर्यंत गेली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तो कण्हला की ओरडला हे त्याला कळलं नाही. भान आलं तेव्हा तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता आणि उजवा पाय दोन्ही हातांत धरून होता. मोडलं नसावं. बोटं हलत होती. पण पाय टेकवायच्या कल्पनेनेच डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते पाणी दुखण्याचं होतं की आणखी कशाचं, हे तपासत बसण्याची त्याच्यात ताकद नव्हती.

"पडलात की काय?" डिझायनर दारात उभी होती, हातात पत्राची चांगली टाइप केलेली प्रत. आवाज ऐकून आली असावी. "अहो, बोला ना. लागलं?"

"पडलो नाही. उतरलो. टाचेवर."

"नव्यांत? डबल गादीत?" तिचा चेहरा उतरला. ती भराभर जवळ आली, खाली वाकली आणि थांबली. "हे तर जुने आहेत. लाल पट्टेवाले. हे कशाला घातलेत आज? यांची चाचणी झाली ना."

ताडून बघत होतो, असं म्हणता आलं असतं. ती खुशीने मान्य करती. म्हणती, बघा, तुम्ही किती जबाबदारीने करता. वाक्य जिभेवर तयार होतं आणि त्याच्या मागे अठरा वर्षं, पगार, घर, बायकोसमोर रोज संध्याकाळी उघडायचं दार. त्याला पुन्हा तीच भीती वाटली, पाय गार करणारी. ओट्यावर वाटली होती त्यापेक्षा ती मोठी होती.

"हे मी आज पहिल्यांदा घातले," तो म्हणाला.

ती आधी हसली. मग जमिनीवरच्या कागदाच्या बोळ्यांकडे तिची नजर गेली आणि तिने त्यातला एक उचलून बघितला. "चाळीस उड्या?"

"अकरा. त्या खोक्यावरून. आत माझा जुना आतला बूट घालून. बाकीच्या चौकटी बसून भरल्या."

"का?"

हे मात्र त्याने ठरवलेलं नव्हतं. "मला भीती वाटते," तो म्हणाला. दहा महिन्यांत त्याने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा असं उघड शब्दांत नाही. "ओट्यावर उभं राहिलं की भीती वाटते. जिन्यातसुद्धा वाटते. आतासुद्धा वाटतेय."

डिझायनर त्या लाकडी खोक्यावर बसली. पत्र तिच्या मांडीवर होतं आणि ती अंगठ्याने त्याची कड पुन्हा पुन्हा दाबत होती. "तुमचा कागद बघून मी गादी तशीच ठेवली," ती म्हणाली. "मला तेव्हा शंका होती. मी एकदा विचारलंही होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, ठीक आहे."

"हो."

"तुमची नोकरी जाईल."

"हो."

"माझीही जाईल बहुतेक."

हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं. टाच ठणकत होती. उन्हाचे पट्टे आता बाकाखाली सरकले होते. ती रागावली असती, ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.  कितीतरी वेळाने टपाल न्यायला आलेला माणूस पिशवी खांद्याला लावून दारात डोकावला आणि त्याने जमिनीवर बसलेल्या नऊ नंबरकडे, मग तिच्या मांडीवरच्या पत्राकडे बघितलं. "तीन वाजले," तो म्हणाला. "द्यायचंय का काही?"

नऊ नंबरने डिझायनरकडे बघितलं.

"नाही," डिझायनर म्हणाली. "हे जाणार नाही." तिने पत्राची घडी घातली, आणि मग कोणाकडेही न बघता विचारलं, "त्या बाईंचा पत्ता तुमच्या खिशात आहे ना?"